अभ्यासिकेच्या छतावरचा एसी

ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या गावच्या अभ्यासिकेत, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आज छताला कॅसेट एसी (छताला टांगायचा चौकोनी एसी) बसला. स्लॅबला ४ भोके पाडून, आटेदार सळ्यांवर ते धूड टांगल्यावर कारागिराने स्पिरिट लेव्हलमधील (समपातळी तपासायच्या पट्टीतील) बुडबुडा मध्यावर येईपर्यंत नट फिरवणे थांबवले नाही. युनिट तिरके राहिले तर पाणी थेट मुलांच्या वह्यांवर, असे त्याचे म्हणणे. गॅस लगेच सोडावा अशी माझी घाई होती (एप्रिलची दुपार, दुसरे काय!), परंतु व्हॅक्यूम पंपाने तांब्याच्या नळ्यांतील हवा व दमटपणा काढल्यावरच त्याने व्हॉल्व्ह उघडला. निचऱ्याच्या पाइपाला मात्र उतार कमी पडला. गडवाभर पाणी ओतले तेव्हा ते मध्येच अडले आणि क्लॅम्प पुन्हा ठोकावे लागले. तेवढ्यात वीज गेली, त्यामुळे थंड हवा उद्याच.