मंचाच्या मागून ऐकलेले आयर्लंड

"मावशी, तिकिटे मिळाली, पण जागा मंचाच्या मागच्या आहेत, चालेल ना?" असे भाचीने कार्यालयातून फोन करून विचारले, तेव्हा मी हो म्हटले खरे, पण मनातून थोडी खट्टू झाले. मार्च महिना होता आणि सेंट पॅट्रिक दिनाचा आठवडा चालू होता. जुने आणि नवे आयरिश संगीत पूर्ण वाद्यवृंदाने सादर करायचे आणि जोडीला नृत्यही, असा कार्यक्रम डब्लिनच्या नॅशनल कॉन्सर्ट हॉलमध्ये होता. नाच मागून पाहायचा म्हणजे पंगतीत पानाकडे पाठ करून बसण्यासारखेच, असे मला वाटत होते.

हारकोर्टच्या थांब्यावर लुआस ट्राममधून उतरून आम्ही भुरभुर पावसात अर्ल्सफोर्ट टेरेसवर आलो. समोरची खांबांची भारदस्त इमारत पाहून ती मुळात संगीतासाठी बांधलेली नाही हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. १८६५ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी या जागी बांधकाम झाले. पुढे तेथे रॉयल युनिव्हर्सिटी आली, मग युनिव्हर्सिटी कॉलेज आले. इंग्लंडशी झालेला तह स्वीकारायचा की नाही, यावर डिसेंबर १९२१ आणि जानेवारी १९२२ मध्ये आयरिश प्रतिनिधींनी जो कडाक्याचा वाद घातला आणि ६४ विरुद्ध ५७ मतांनी तो तह मान्य केला, तो वादही याच वास्तूत झाला. ज्या मोठ्या दालनात विद्यार्थी परीक्षेचे पेपर लिहीत, त्याचे १९८१ साली संगीत सभागृह झाले. माझ्या दृष्टीने आणखी एक धागा होता. १९१९ साली मदनपल्लीला रवींद्रनाथांच्या तोंडून 'जन गण मन' ऐकून ज्यांनी त्याची स्वरलिपी लिहून घेतली, त्या मार्गारेट कझिन्स रॉसकॉमन परगण्यातल्या बॉयल गावच्या, आणि १९०२ साली त्यांना संगीताची पदवी मिळाली ती याच रॉयल युनिव्हर्सिटीची. भाचीला हे सांगितले तेव्हा ती तिकिटाचा क्यूआर कोड शोधत होती, त्यामुळे तिने नुसते "हं" म्हटले.

आमच्या जागा कॉयरसाठीच्या, म्हणजे गायनमंडळासाठीच्या, सज्जात होत्या. मागे ऑर्गनचे उंच नळ, खाली हाताच्या अंतरावर तालवाद्ये, त्यांच्यापुढे पितळी वाद्ये, मग लाकडी सुषिर वाद्ये, आणि या सगळ्यांच्या पलीकडे, थेट आमच्याकडे तोंड करून, संचालकांचा चौथरा. त्या चौथऱ्यामागे, प्रेक्षकांच्या अगदी कडेला, लाकडी फळ्यांचा एक अरुंद पट्टा टाकलेला होता. तो नाचणाऱ्यांसाठी आहे हे समजले तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की संचालकांची पाठ नर्तकांकडे असणार, नर्तकांची पाठ संचालकांकडे असणार, मग एकमेकांना धरून राहायचे कसे? पुढचे दोन तास मी मुख्यतः या प्रश्नाचे उत्तर पाहत होते, आणि ते पाहायला माझ्या जागेइतकी चांगली जागा त्या सभागृहात दुसरी नव्हती.

ओबो या सुषिर वाद्याने 'ए' हा सूर दिला, व्हायोलिनी जुळल्या, आणि मग इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, वाजवणारे वादक येऊन संचालकांच्या शेजारी खुर्चीवर बसले. नावातला 'इलन' हा शब्द 'उलिन'वरून आला, आणि 'उलिन' म्हणजे आयरिश भाषेत कोपर. स्कॉटलंडच्या पाइप्समध्ये तोंडाने फुंकतात, तसे या वाद्यात फुंकत नाहीत. उजव्या कोपराखाली पट्ट्याने बांधलेला छोटा भाता असतो, तो डाव्या काखेतली पिशवी भरतो, आणि ती पिशवी दाबून हवेचा दाब सांभाळायचा असतो. मी लहानपणी अनेक वर्षे पेटी शिकले आहे, त्यामुळे भाता म्हटले की माझा हात आपोआप हलू लागतो. पण पेटीवाला निदान एका हाताने भाता हलवतो आणि दुसऱ्या हाताने वाजवतो, येथे मात्र दोन्ही कोपरे हवेच्या कामाला आणि दोन्ही हातांची बोटे सुरांच्या कामाला लागलेली असतात. त्यातच मांडीवर आडवे पडलेले, चाव्या बसवलेले तीन नळ असतात, त्यांना रेग्युलेटर म्हणतात; ते मनगटाच्या कडेने दाबून मधूनमधून जोडसूर द्यायचे असतात. वादकाच्या उजव्या मांडीवर चामड्याचा एक तुकडा बांधलेला दिसत होता. सूर धरायच्या नळाचे, म्हणजे चँटरचे, खालचे टोक त्या चामड्यावर टेकवले की नळ बंद होतो. त्यामुळे सूर तोडता येतात आणि दाब वाढवून वरच्या सप्तकात उडी घेता येते. ड्रोन नावाचे तीन नळ तीन सप्तकांत एकच सूर धरून असतात. तो सूर 'डी', म्हणजे आपल्या भाषेत पांढरी दोन. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हे घर ओळखीचे वाटते.

प्रत्यक्ष जुळवताना मात्र गंमत झाली. ओबोचा सूर ऐकून वादकांनी ड्रोनचे नळ किंचित आतबाहेर सरकवले, पुन्हा ऐकले, मान हलवली, पुन्हा सरकवले. कोरड्या, तापलेल्या हवेत या वाद्याच्या रीड रुसतात. सत्तर माणसांचा वाद्यवृंद त्या एका माणसाच्या रुसव्याकडे पाहत थांबला होता आणि संचालक हाताची घडी घालून शांतपणे उभे होते. शेवटी एकदाचे जुळले, तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या व्हिओलावालीने शेजारणीकडे पाहून भुवई उंचावली, ती फक्त मागच्या सज्जातल्या लोकांना दिसली.

सुरुवात शॉन ओ रिआडा यांच्या 'मिशे एरे' या १९५९ सालच्या चित्रपटासाठी केलेल्या संगीताने झाली. 'रोशीन दुव' हे जुने आयरिश गाणे त्यांनी फ्रेंच हॉर्नच्या तोंडी दिले आणि त्यामागे तंतुवाद्यांची भरती उभी केली. हॉर्नवादक माझ्या पायाखालीच बसला होता. पहिला सूर काढण्यापूर्वी त्याने घेतलेला श्वास मला ऐकू आला. हे संगीत भव्य आहे, आणि आयरिश लोकांच्या डोळ्यांत त्याने पाणी का येते हेही कळते. तरी मला त्यापेक्षा अधिक विचार करायला लावते ती या माणसाने पुढे घेतलेली वाट. पुढच्या एकदोन वर्षांतच त्यांनी 'क्योल्तोरी हुलन' हा पारंपरिक वादकांचा छोटा संच उभा केला. बौरान हे हातात धरून काडीने वाजवायचे एका बाजूचे चर्मवाद्य त्यांनी संचात प्रतिष्ठेने बसवले, आणि मग कॉर्क परगण्यातल्या कूल ओया या आयरिशभाषक खेड्यात राहायला जाऊन तेथल्या पुरुषांचे गायनमंडळ चालवले. ४० वर्षांचे आयुष्य मिळालेल्या या माणसाने लोकगीताला वाद्यवृंदाचा राजवाडा बांधून दिला आणि स्वतः मात्र खेड्यातल्या चर्चमध्ये जाऊन बसला. ज्या चित्रपटातल्या संगीताने तो घरोघर पोचला, त्याच संगीतात काही तरी हातचे सुटते आहे असे त्याला वाटले असावे, असा माझा तर्क आहे.

काय सुटते, याचा अंदाज पुढच्या हार्पच्या रचनांनी दिला. त्या टर्लो ओकॅरोलन यांच्या होत्या. देवीच्या आजाराने अठराव्या वर्षी दृष्टी गेलेला हा हार्पवादक घोड्यावर बसून, वाटाड्या घेऊन, गढीगढीवर फिरत असे आणि यजमानांच्या नावाने चाली बांधत असे. १७३८ साली तो गेला. त्यानंतर अर्ध्या शतकाने, १७९२ साली, बेलफास्टला उरल्यासुरल्या हार्पवादकांना बोलावण्यात आले आणि १९ वर्षांच्या एडवर्ड बंटिंग या ऑर्गनवादकाला त्यांच्या चाली लिहून घ्यायला बसवले. जमलेल्यांपैकी धातूच्या तारा जुन्या पद्धतीने नखांनी छेडणारा एकच म्हातारा उरला होता. बंटिंगने चाली वाचवल्या, पण छापताना त्या पियानोच्या मापाच्या केल्या. गावोगाव हिंडून उस्तादांच्या चिजा लिहून घेणाऱ्या भातखंड्यांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. त्यांच्याविषयी आपल्याकडे कृतज्ञता आणि कुरकुर दोन्ही जशी एकाच घरात नांदतात, तसेच आयर्लंडमध्ये बंटिंगच्या बाबतीत आहे. त्या संध्याकाळी हार्पच्या मागे तंतुवाद्यांनी इतकी मऊ गादी घातली होती, की चालीचा कणाच जाणवेना. खरे सांगायचे तर मला ते फार गोडमिट्ट वाटले.

मध्यंतरात जॉन फील्डच्या नावाच्या दालनात चहासाठी रांग लावली. 'नॉक्टर्न' हा पियानो-रचनेचा प्रकार रूढ करणारा हा संगीतकार डब्लिनचाच. चहा मिळेपर्यंत घंटा वाजली.

उत्तरार्धात शॉन डेव्ही यांच्या १९८० सालच्या 'द ब्रेंडन व्हॉयेज'मधील दोन भाग होते. टिम सेव्हरिन यांनी १९७६-७७ मध्ये बैलांच्या कातड्याने मढवलेली होडी केरीच्या किनाऱ्यावरून अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडला नेली, त्या प्रवासावर ही रचना बेतलेली आहे. त्यात इलन पाइप्स म्हणजे होडी आणि वाद्यवृंद म्हणजे समुद्र. लियाम ओफ्लिन यांच्यासाठी ती लिहिली गेली आणि तिच्यामुळे हे वाद्य वाद्यवृंदाच्या मंचावर मानाने बसू लागले. ही कल्पना किती योग्य होती ते मागून पाहताना फार स्पष्ट दिसले: पितळी वाद्ये आणि टिंपानीचे नगारे उसळत असताना त्या सगळ्यांच्या पलीकडे एक माणूस कोपर हलवत, मान खाली घालून, आपला सूर सोडत नव्हता. येथे संचालक पाइपवाल्याकडे सारखे पाहत होते. हातातली काठी वाद्यवृंदाला सांगत होती आणि डोळे पाइपवाल्याला विचारत होते.

मग एक गायिका पुढे आली आणि वाद्यवृंद पूर्ण थांबला. शॅन-नोस, म्हणजे 'जुनी पद्धत', ही साथीशिवाय गायची असते. कोनमाराकडच्या त्या आयरिश गाण्यात शब्दाच्या पोटात हरकती होत्या, ठेका नव्हता, आणि प्रत्येक कडव्याला चाल किंचित वेगळी होत होती. सत्तर वादक मांडीवर वाद्ये घेऊन ऐकत होते. बासवाल्याने डोळे मिटले होते. गाणे संपले तेव्हा क्षणभर टाळी पडली नाही. गावाकडे अशा वेळी जवळचा श्रोता गायकाचा हात हातात घेतो म्हणे. एवढ्या मोठ्या मंचावर तिचा हात धरायला कोणी नव्हते.

नाच सुरू झाला तो नऊ मात्रांच्या स्लिप जिगने, मऊ, सपाट बुटांतल्या मुलींचा. जिग म्हणजे सहा, तीन-तीनच्या झोक्यात, आपल्या द्रुत दादऱ्याची चुलत बहीण; स्लिप जिगमध्ये त्याच झोक्याची आणखी एक घडी पडते. समोरच्या प्रेक्षकांना चेहरे दिसत होते, मला मात्र पाठीचे सरळ कणे आणि मांड्यांना चिकटलेल्या मुठी दिसत होत्या. कमरेच्या वर काहीच घडत नाही आणि कमरेच्या खाली काही घडायचे बाकी राहत नाही. मग कडक बुटांचे नर्तक आले. त्या बुटांच्या टाचा आणि टोके फायबरग्लासची असतात. फळ्यांवर त्यांचा आवाज पडला तेव्हा टिंपानीवाला नकळत पुढे झुकला. तत्काराशी तुलना करण्याचा मोह मला झाला, पण कथकात पाऊल बहुतेक जमिनीला धरून असते, येथे नर्तक हवेत असतानाच दोन टाचा एकमेकींवर वाजवून मात्रा भरतो. त्यांच्यापाठोपाठ एक मध्यमवयीन गृहस्थ साध्या पँट-शर्टात आले आणि शॅन-नोस पद्धतीने नाचले: पाऊल जमिनीलगत, हात सैल, चेहऱ्यावर शेताच्या बांधावरून हाक मारावी तसा मोकळेपणा. एका फळीच्या तुकड्याबाहेर ते गेले नाहीत. कोणी तरी गॅलरीतून "हप!" असे ओरडले. आपल्याकडच्या "क्या बात है"चे काम तेथे हा शब्द करतो.

शेवटी अर्थातच बिल व्हेलन यांचे 'रिव्हरडान्स'. ३० एप्रिल १९९४ रोजी युरोव्हिजन स्पर्धेच्या मध्यंतरात डब्लिनच्या पॉइंट थिएटरमध्ये सुमारे सात मिनिटे झालेला हा तुकडा पुढच्या वर्षी पूर्ण प्रयोग होऊन जगभर गेला. तो इतक्यांदा ऐकला आहे की आता कंटाळा येईल असे वाटले होते. पण मी संचालकांचा चेहरा पाहत होते. नर्तकांची रांग त्यांच्या पाठीशी पूर्ण वेगात आली तेव्हा त्यांनी समोरच्या कागदावरून नजर काढली, मान किंचित डाव्या खांद्याकडे कलती केली आणि कान मागे लावला. काठीचा फटका आता पावलांच्या मागून, केसभराने मागून, पडत होता. संपूर्ण वाद्यवृंद त्या मागच्या फळ्यांवर चालला होता, आणि समोर बसलेल्या हजार लोकांना वाटत होते की नर्तक वाद्यवृंदावर नाचत आहेत. मी भाचीला कोपराने ढोसले. तिने पाहिले आणि म्हणाली, "अगं, तो तबलजीसारखा ऐकतोय!"

बाहेर पाऊस थांबला होता. चालत पाच-सात मिनिटांवर मेरियन रोला ओडोनोह्यूज नावाचा पब आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी 'द डब्लिनर्स' या गटाची सुरुवात तेथे झाली. आत शिरायला जागा नव्हती. दारालगतच्या कोपऱ्यात दोन फिडल (म्हणजे व्हायोलिनीच), एक बासरी, एक बाँजो आणि एक बौरान असा मेळा जमला होता. कोणाच्याही पुढे कागद नव्हता, आणि पाचही जण एकच चाल, प्रत्येक जण आपापल्या वळणाने, वाजवत होते. तालाची आठ मापे, तीच पुन्हा, मग वरच्या सप्तकात आठ मापे, तीही पुन्हा, आणि तिसऱ्या फेरीत फिडलवाल्या म्हाताऱ्याने भुवई उडवली की सगळे न सांगता दुसऱ्या रीलमध्ये, म्हणजे नाचाच्या दुसऱ्या द्रुत चालीत. तेथल्या वादकांच्या बोलण्यात 'लिफ्ट' हा शब्द येतो. एखाद्याच्या वाजवण्याने ऐकणाऱ्याची टाच उचलली गेली तर त्याच्यात लिफ्ट आहे म्हणतात. माझी टाच केव्हाची उचलली गेली होती.

भाचीने थोडेसे मोबाईलवर टिपले आणि वाजवणे थांबल्यावर त्या म्हाताऱ्याला चालीचे नाव विचारले. त्याने शेजारच्या बासरीवालीकडे पाहिले, तिने खांदे उडवले. "आमच्या गावच्या एका पोस्टमनकडून घेतली," तो म्हणाला, "त्यालाही माहीत नव्हते." मग ग्लास बाजूला सरकवून त्याने फिडल पुन्हा हनुवटीखाली घेतले, आणि शेवटची लुआस चुकेल म्हणून आम्ही चालीच्या मधूनच उठलो.