बाबा डाव्या सीटवर

शनिवार, रात्री. अपोलो बे.

सकाळी सहाला मेलबर्नजवळच्या वेरिबीहून, आमच्या घरून निघालो. त्याआधी बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चारही टायरांवर तळहाताने थापा मारून पाहिल्या, आणि डाव्या सीटवर बसल्यावर तिथूनच हात लांब करून स्टेअरिंगला नमस्कार केला. बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. रत्नागिरी डेपो, आंबा घाट, कुंभार्ली घाट, मुंबईच्या रातराण्या. त्यांना शेजारी बसवून ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट ओशन रोडवर, समुद्राकाठच्या वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी चालवायची, या विचाराने काल रात्री मला धड झोप लागली नव्हती.

हा रस्ता टॉर्कीला सुरू होतो आणि ॲलन्सफर्डला संपतो, २४३ किलोमीटर. एअरीज इनलेट मागे पडल्यावर ईस्टर्न व्ह्यूची लाकडी कमान आली. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात मुख्यतः कुदळ-फावड्याने हा रस्ता काढला. युद्धात गेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणजे हा रस्ताच. मी हे बाबांना घरीच सांगितलं होतं, पण कमानीपाशी त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. उतरून डोक्यावरची टोपी काढली आणि कमानीखालच्या डांबराकडे बघत उभे राहिले. समुद्राकडे त्यांनी पाहिलंही नाही. "घाट कुणी कापला त्याची नावं कुठे लिहिलेली नसतात बाय," एवढंच म्हणाले.

लोर्नच्या पुढे खरा रस्ता सुरू झाला. उजवीकडे कातळ, डावीकडे खाली समुद्र, आणि वळणामागून वळण. बाबांचा उजवा पाय प्रत्येक वळणाला खालच्या मॅटवर दाबला जात होता. तोंडाने एक शब्द नाही, फक्त पाय. ते जिथे दाबतील तिथे मीही ब्रेकवर पाय टेकवायला लागले, आणि थोड्या वेळात कळलं की ते माझ्या आधी दाबतात. वळण दिसायच्या आधी. मग मी विचारलं, "बाबा, काय बघता तुम्ही?"

एवढं विचारायचा अवकाश. समोरचा आलाच आहे असं धरून वळण घ्यायचं. वळणाच्या आत ब्रेक मारायचा नाही, जो काय मारायचा तो आधीच. चढताना जो गिअर, उतरताना तोच. माझी गाडी ऑटोमॅटिक, पण गिअर हाताने खाली घेता येतो, तो घेतला. इंजिनाने गाडी धरून ठेवली तसे बाबा खुशीत म्हणाले, "आता कसं!" मागे चार गाड्या साचल्या होत्या. हळू जाणाऱ्यांसाठी इथे ठिकठिकाणी रस्त्याला जास्तीची जागा ठेवलेली असते, तिथे मी साइड दिली. पुढे गेलेल्या प्रत्येक गाडीला बाबांनी हात केला.

केनेट रिव्हरला निलगिरीच्या फांदीत एक कोआला झोपलेला दिसला. बाकी आजचा दिवस रस्त्याचाच.

रविवार, रात्री. घरी.

केप ऑटवेचं १८४८ सालचं दीपगृह पाहून दुपारी ट्वेल्व्ह अपॉस्टल्सला, म्हणजे ‘बारा प्रेषित’ नावाच्या समुद्रातल्या सुळक्यांपाशी पोचलो. बाबांनी बोटावर सुळके मोजले. बारा इथे कधीच नव्हते. चुनखडीचा दगड, लाटा तो खालून कुरतडत राहतात. २००५ च्या जुलैमध्ये त्यातला एक उभाच्या उभा कोसळला. गर्दी फार होती, लगेच निघालो.

लंडन ब्रिजला मात्र खूप वेळ गेला. दोन कमानींचा हा कातळ पूर्वी किनाऱ्याला जोडलेला होता, लोक चालत टोकापर्यंत जायचे. १५ जानेवारी १९९० ला किनाऱ्याकडची कमान पडली आणि दोन पर्यटक पलीकडे अडकले. हेलिकॉप्टरने त्यांना सुखरूप काढलं. मी उत्साहाने हे सांगत होते, आणि सांगता सांगता बाबांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं.

सावित्री.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला. त्याच्याबरोबर आपल्या दोन एसटी गाड्या गेल्या, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली. बाबा तेव्हा नोकरीत होते. आदल्याच आठवड्यात त्या पुलावरून त्यांनी रातराणी नेली होती. त्यानंतर कितीतरी दिवस आई त्यांना डबा हातात द्यायला फाटकापर्यंत जायची आणि गाडीचा आवाज येईपर्यंत तिथेच थांबायची. घरात हा विषय कुणी कधी काढला नाही.

आज कठड्याला धरून ते म्हणाले, "अंधार आणि पाऊस असला ना, की दिव्याच्या उजेडात पाच-पंचवीस हात रस्ता दिसतो. त्याच्या पुढे तो आहेच, असं मानूनच गाडी न्यायची." मग बऱ्याच वेळाने, "यांच्याकडे दिवस होता."

मी त्यांचा दंड धरून उभी राहिले. वारा इतका होता की पुढे बोलताही आलं नसतं.

परतताना कॅम्परडाउन, कोलॅकवरून आतला रस्ता धरला. सपाट कुरणं, गाई, सरळसोट डांबर. ड्रायव्हरच्या शेजारच्याने झोपायचं नसतं, म्हणून बाबा बोलत राहिले. सावित्रीवर गेलेल्या चालक-वाहकांबद्दल, डेपोतल्या त्या सकाळबद्दल, दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाताना कुणीच कुणाशी कसं बोललं नाही त्याबद्दल. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. मी रस्त्यावरची नजर काढली नाही. कोलॅक सुटल्यावर कधीतरी लक्षात आलं, त्यांचा उजवा पाय मॅटवर सैल पडला होता.

घरी आल्यावर त्यांनी किलोमीटर विचारले आणि खिशातली छोटी डायरी काढली. लॉगशीट भरायची सवय अजून गेलेली नाही. जेवणानंतर ती टेबलावर उघडीच राहिली होती. वेरिबी ते पोर्ट कॅम्पबेल आणि परत, ४७६ कि.मी. चालक म्हणून माझं पूर्ण नाव. त्याखाली वाहक, तिथे त्यांचं.