कमी पैशांत नादारीचा अर्ज

इचलकरंजीत खर्चीने, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर, कापड विणून देणारा माझा मावसभाऊ कर्जात पुरता अडकला आणि नादारीचा, म्हणजे दिवाळखोर ठरवून घेण्याचा, अर्ज करण्याचा विचार करू लागला, तेव्हा त्याला सर्वांत मोठी धास्ती वकिलाच्या फीची होती.

सामान्य व्यक्तीच्या नादारीसाठी मुंबईत १९०९ चा आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा कायदा अजूनही चालतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. गरिबांना कर्जमुक्त करणारी तरतूदही तिच्यात आहे; पण ती अमलात आलेली नाही आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० व कर्ज ३५,००० रुपयांच्या आत असण्याची तिची अट पाहता एखादा यंत्रमागवाला तिच्यात कधी बसेल असे मला वाटत नाही. उलट १९२० च्या कायद्यात कर्ज फेडता येत नसेल आणि ते निदान ५०० रुपयांचे असेल, तरी अर्ज करता येतो.

‘कर्ज सेटल करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता, तर इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत तेथे मोफत वकील मिळतो. भावाला तो मिळाला.

खरे कष्ट यादीचे असतात आणि त्यांना पैसे लागत नाहीत. प्रत्येक धनकोचे, म्हणजे ज्याचे देणे आहे त्याचे, नाव, पत्ता, रक्कम आणि आपली सगळी मालमत्ता अर्जात लिहावी लागते. पासबुके, हप्त्यांच्या पावत्या, सूत व्यापाऱ्याची बिले असे सगळे आम्ही जमिनीवर मांडून बसलो, आणि बँक, फायनान्स कंपनी, भिशी इथपर्यंत लेखणी सरळ चालली. मामांकडून घेतलेले हातउसने लिहायची वेळ आली तेव्हा मात्र भाऊ थांबला. स्कूटर विकून मामांचे पैसे आधी चुकते करावेत, असे त्याच्या मनात होते. त्याची भावना मला पूर्ण समजते, परंतु अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकते माप दिल्यास तो व्यवहार रद्द होऊ शकतो, तसेच दोन वर्षांच्या आत नातेवाइकाच्या नावे केलेले बक्षीसपत्रही टिकत नाही, हे वकिलांनी वेळेवर सांगितले. मामांचे नाव यादीत गेले.

अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची अवजारे यांना जप्तीतून सूट आहे. गहाण ठेवलेल्या मागांवर मात्र बँकेचा हक्क कायम राहतो. सर्वांत दुःखाची बाब जामीनदाराची आहे, कारण ऋणको कर्जमुक्त झाला तरी त्याचा जामीनदार सुटत नाही; म्हणून अर्ज दाखल होण्याआधी त्याला घरी जाऊन स्पष्ट सांगणे हे मी कर्तव्य मानतो, आणि भावाने ते केले.

नादार ठरवणाऱ्या आदेशाने कर्ज आपोआप संपत नाही. त्याच आदेशात कर्जमुक्तीचा अर्ज करण्यासाठी मुदत दिलेली असते. ती चुकली तर नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो आणि धनको पुन्हा वसुलीची दरखास्त घेऊन दारात येऊ शकतात. वकील मोफत असो वा फी घेणारा, ती तारीख त्यांच्याकडून लेखी मागून घ्यावी.