ऊलाँग: चव आधी, आरोग्य नंतर

आपल्याकडे ऊलाँग चहा बहुतेकांना भेटतो तो 'वजन कमी करणारा चहा' म्हणून. चीनच्या आग्नेयेकडील फुजियान आणि ग्वांगदोंग या प्रांतांत पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या या चहाची ओळख एवढ्या तोकड्या शब्दांत उरकली जावी, याचे मला मनापासून वाईट वाटते; कारण केवळ पोट उतरावे म्हणून जो हा चहा पितो, त्याच्या पदरी बहुधा निराशा पडते आणि एका सुंदर चहालाही तो मुकतो.

हिरवा, काळा आणि ऊलाँग हे तिन्ही चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाच्या पानांपासून होतात. फरक पडतो तो खुडणीनंतर. हिरव्या चहाची पाने लवकर तापवून त्यांतील ऑक्सिडीकरण, म्हणजे हवेतील ऑक्सिजनमुळे पाने तांबूस-काळी पडण्याची क्रिया, रोखले जाते, काळ्या चहात ते पूर्णत्वाला जाऊ दिले जाते, आणि ऊलाँगमध्ये ते अध्येमध्ये कुठेतरी थांबवायचे असते. हे 'कुठेतरी' ठरवणे हीच खरी कारागिरी. पाने आधी उन्हात आणि मग सावलीत मलूल होऊ देतात. त्यानंतर ती बांबूच्या रुंद, उथळ परड्यांत घेऊन हलवतात, जेणेकरून पानांच्या कडा एकमेकींवर घासून किंचित चुरगळतील आणि ऑक्सिडीकरण कडेपासून सुरू होईल. थोडा वेळ हलवायचे, पाने निवांत पडू द्यायची, पुन्हा हलवायचे, असा हा क्रम कित्येक तास, अनेकदा रात्रभर चालतो. कच्च्या गवताचा वास मावळून फुलांचा दरवळ येऊ लागला, की अनुभवी कारागीर पाने गरम कढईत टाकून ती क्रिया थांबवतो. पारंपरिक पद्धतीने केलेल्या ऊलाँगचे भिजलेले पान चोथ्यातून उचलून उलगडून पाहावे: मध्यभाग हिरवट आणि कडेला तांबूस किनार स्पष्ट दिसते.

उत्तर फुजियानमधील वूयी पर्वताला 1999 साली जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या कड्यांच्या घळींत वाढणाऱ्या झाडांचा चहा निखाऱ्यांच्या मंद आचेवर भाजतात, त्यामुळे त्याला गडद, खनिजासारखी चव येते. दालचिनीची आठवण करून देणारा रौग्वेई आणि अधिक सौम्य श्वेईश्यान हे तिथले नेहमीचे प्रकार. सर्वांत नावाजलेला मात्र दा होंग पाओ. त्याची मूळची मानली जाणारी 6 झाडे अजूनही कड्यावर उभी आहेत, पण 2006 पासून त्यांची खुडणी बंद आहे आणि 2005 च्या शेवटच्या खुडणीतील 20 ग्रॅम चहा बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवला आहे. तेव्हा बाजारात या नावाने मिळणारा चहा कलमांपासून वाढवलेल्या झाडांचा किंवा वूयीतील निरनिराळ्या चहांचे मिश्रण असतो, आणि त्यातही उत्तम चहा असतोच.

दक्षिण फुजियानमधील आन्शीचा थिएग्वानयिन अगदी वेगळा. त्याची पाने कापडात घट्ट बांधून पुन्हा पुन्हा मळतात, म्हणून ती गोळीसारखी वळलेली दिसतात. हल्ली कमी ऑक्सिडीकरणाचा, हिरवट आणि फुलांच्या सुगंधाचा प्रकार अधिक खपतो. माझे मत विचाराल तर जुन्या पद्धतीने भाजलेला थिएग्वानयिन अधिक भरदार लागतो. ग्वांगदोंगमधील चाओचौजवळच्या फेंगह्वांग पर्वतावरील दानत्सोंग ही तिसरी मोठी परंपरा, जिथे झाडांचे वाण त्यांच्या सुगंधावरून ओळखले जातात. मध आणि ऑर्किडच्या गंधाचा मीलानश्यांग नवख्यालाही चटकन आवडतो.

हा चहा दूध-साखर घालून उकळू नये. 100 मिलिलिटरच्या झाकणाच्या वाटीत 5 ते 7 ग्रॅम पाने घ्यावीत, त्यांवर जवळजवळ उकळते पाणी ओतावे आणि 15-20 सेकंदांत गाळून घ्यावे. तीच पाने सहा-सात वेळा वापरता येतात आणि प्रत्येक वेळी चव बदलत जाते.

आता आरोग्याविषयी. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 12 पुरुषांना ऊलाँग दिल्यावर दिवसभरातील ऊर्जाखर्च सुमारे 3 टक्क्यांनी वाढलेला आढळला. पण तेवढेच कॅफीन घातलेल्या पाण्यानेही जवळजवळ तेवढीच वाढ झाली. म्हणजे परिणाम आहे, परंतु तो लहान आहे आणि त्याचे बरेचसे श्रेय कॅफीनला जाते. तैवानमधील 2003 च्या अभ्यासात मधुमेहाच्या 20 रुग्णांची रक्तशर्करा रोज दीड लिटर ऊलाँगने चार आठवड्यांत बरीच उतरली, मात्र ते रुग्ण औषधेही घेत होते आणि संख्या अगदी थोडी होती. एवढ्यावरून कुणी आपली गोळी बंद करू नये. गोड चहाच्या जागी बिनसाखरेचा ऊलाँग घेतला तर साखर टळते, हा लाभ मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

काही पथ्ये पाळायला हवीत. चहातील पॉलिफेनॉल डाळी, पालेभाज्या आणि नाचणीतील लोह शोषले जाण्यात अडथळा आणतात, म्हणून शाकाहारी घरांत, विशेषतः रक्तक्षय असलेल्या स्त्रियांनी, जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवावे. कॅफीनमुळे झोप बिघडत असेल तर संध्याकाळनंतर तो टाळावा. गर्भवतींनी प्रमाणाविषयी डॉक्टरांना विचारावे. शिवाय 65 अंश सेल्सियसहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये नोंदवले आहे. त्यामुळे पाणी उकळते घेतले, तरी चहा थोडा निवल्यावरच प्यावा.