आमच्याकडे शार्क नसतात

मला शार्कची भीती वाटते. जन्म पुण्यातला, राहणं पुण्यात. समुद्र म्हणजे ताम्हिणी उतरून वर्षाकाठी एकदा दिवेआगर, आणि तिथेही गुडघ्याच्या वर पाणी येऊ द्यायचं नाही हा घरचा दंडक. तरी टिळक तलावावर खोल बाजूला पोहताना तळ दिसेनासा झाला की पोटरीच्या मागे काहीतरी आहे असं वाटून जातं. क्लोरीनच्या पाण्यात! शेजारी सत्तरीचे एक काका पाठीवर निवांत तरंगत असतात.

बुल शार्क नावाची जात गोड्या पाण्यातही जगते, नद्यांमधून आत शिरते, असं वाचल्यावर मी नकाशा काढून बसले. मुठेत यायचं तर त्या माशाने बंगालच्या उपसागरातून कृष्णेच्या मुखाशी वळायचं. मग विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा, नागार्जुनसागर, श्रीशैलम, जुराला, पुढे भीमेत शिरून उजनी, एवढं सगळं चढायचं. आणि इतकं करून शेवटी मुळा-मुठेचं पाणी नाकातोंडात घ्यायचं. एवढा जिद्दी मासा संगम पुलाखाली पोचलाच तर त्याला कुणाला तरी चावायचा हक्क आहे, असं माझं मत झालं. भीती मात्र गेली नाही.

आकड्यांचाही उपयोग होत नाही. माणसाने काही खोडी न काढता शार्क चावली, अशा घटना जगभरात मिळून वर्षाला ६०-७० होतात आणि त्यांत सरासरी ५-६ माणसं दगावतात. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सुमारे ५८ हजार. त्यातल्या बऱ्याच मृत्यूंना कारणीभूत असलेली घोणस आमच्या टेकडीवर असते. ही मला माहीत आहे, पाहिलेलीही आहे, आणि तरी पावसाळ्यात मी त्या टेकडीवर स्लीपर घालून जाते. घोणशीला कुणी पार्श्वसंगीत दिलेलं नाही ना! शार्कला ते १९७५ साली एका अमेरिकन सिनेमाने दिलं. तेव्हापासून दोनच स्वर वाजले की अर्धं जग पाण्यातून पाय वर ओढून घेतं. सिनेमा ज्याच्या कादंबरीवर बेतला होता, त्या लेखकाने पुढे शार्क वाचवण्याच्या कामाला वाहून घेतलं, पण तोवर संगीत सगळ्यांचं पाठ झालं होतं.

नाही म्हणायला २०२४च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात, मनोरजवळ वैतरणा खाडीत एका तरुणाच्या पायाचा लचका शार्कने तोडला. ती बातमी मला तीन ग्रुपवर, चार जणांनी पाठवली. सगळे पुण्याचे.

गंमत म्हणजे ज्या कोकण्यांना शार्कशी खरोखर गाठ घालून जगायचं आहे, ते तिला मुशी म्हणतात, मोरी म्हणतात आणि तिखटजाळ रस्सा करतात. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात ती हातभर लांबीची, राखाडी, काहीशी बावळट चेहऱ्याची पडलेली असते. हाडं नाहीत, सगळी कूर्चा, त्यामुळे काट्याची धास्ती असलेल्या आमच्यासारख्यांना फार सोयीची. वास मात्र उग्र. शार्कच्या अंगात युरिया असतो, मेल्यावर त्याचा अमोनिया होतो, म्हणून ती ताजीच घ्यायची आणि मसाला सढळ घालायचा. माझ्या मालवणी मैत्रिणीला मी टिळक तलावाची गोष्ट सांगितली तेव्हा ती ताटातला मोरीचा तुकडा मोडत होती. तिने एकदा माझ्याकडे, एकदा ताटाकडे पाहिलं आणि पुढचा घास घेतला. माणूस वर्षाला अंदाजे १० कोटी शार्क मारतो. पाण्यात कुणी कुणाला घाबरायचं, हे या हिशेबाने केव्हाच ठरलेलं आहे.

माझी आत्या ओतूरला असते, जुन्नर तालुक्यात. तिला मी शार्कचं सांगितलं तर तिने फक्त विचारलं, "गोठ्यात येतो का त्यो?" नाही म्हटल्यावर तिचा रस संपला.

आत्याकडे बिबट्या असतो. 'येतो' म्हणत नाही मी, 'असतो' म्हणते. माणिकडोह, येडगाव, पिंपळगाव जोगे अशी धरणं झाली, कालवे आले, ऊस उभा राहिला. बारा-चौदा महिने कुणी आत पाऊल टाकत नाही असा तो गारवा. आडोसा आहे, पाणी आहे, रात्री बाहेर पडलं की गावात कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्याची मादी तिथेच विते. ऊसतोड सुरू झाली की सरीत बछडी सापडतात, मग वनखात्याची माणसं येऊन त्यांना क्रेटमध्ये ठेवून आईची वाट पाहतात आणि बहुतेक वेळा ती रात्रीत येऊन घेऊन जाते. या बिबट्यांच्या कित्येक पिढ्यांनी जंगल पाहिलेलंच नाही. जुन्नरच्या शेजारी अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या गटाने कॅमेरे लावून मोजणी केली, तेव्हा माणसांनी गजबजलेल्या, जंगल नसलेल्या शेतीच्या मुलखात १०० चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास मोठे बिबटे निघाले. बहुतेकांना ते कधी दिसलेलेही नव्हते.

आत्याला बिबट्याची भीती वाटते का, हे मला अजून नीट कळलेलं नाही. तिच्याकडे भीतीच्या जागी कामांची यादी आहे. दिवेलागणीनंतर पोर एकटं अंगणात नाही. गोठ्याला वरूनसुद्धा जाळी. गवत कापायला वाकायचं तर दुसरीने उभं राहायचं, कारण वाकलेला माणूस त्याला जनावराच्या उंचीचा दिसतो. रात्रीच्या वीजपाळीला मोटर चालू करायला जायचं तर मोबाईलवर भजन मोठ्याने लावून, काठी आपटत. "आपण हाय हे त्याला कळाय पाहिजे," एवढंच ती म्हणते. तालुक्याच्या पश्चिमेला महादेव कोळ्यांच्या वाड्यांवर वाघोबाचे शेंदूर फासलेले दगड आहेत, वाघबारशीला त्यांची पूजा होते. तीही मला त्याच यादीतली बाब वाटते. त्याला दिसू द्यायचं, आपण हाय म्हणून.

पण यादी नेहमी पुरत नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात महिन्याभराच्या आत बिबट्याने तीन बळी घेतले, त्यातली दोन मुलं होती. लोकांनी महामार्ग अडवला. त्यानंतर बायामाणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतावर जायला लागली. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो तसा पट्टा, माणसाच्या गळ्यात. तो फोटो पाहून आमच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "पण आपणच त्यांच्या जागेत गेलोय ना." मला हे वाक्य बावधनच्या नवव्या मजल्यावरून टाइप केलेलं आवडलं नाही. वाक्य खरं असेल, नसेल, पण ते म्हणायला ज्याचं मूल सुखरूप घरी झोपलेलं आहे तोच मोकळा असतो. आणि जुन्नरचा बिबट्या कुणाच्या जागेत आहे हे ठरवायला गेलं तर आधी कालव्याला विचारावं लागेल.

मग धरून लांब सोडा, असं सगळे म्हणतात. ते करून झालेलं आहे. २००१ ते २००३मध्ये जुन्नर भागात शंभराच्या आसपास बिबटे पिंजऱ्यात धरले, त्यातले कितीतरी दूरच्या जंगलांत नेऊन सोडले. हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, सोडलेल्या जागांजवळही झाले. अनोळखी मुलखात टाकलेलं, बिथरलेलं जनावर घराची वाट शोधत निघतं. २००९मध्ये पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेला एक वयस्क नर बाहेर काढला, गळ्यात रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडला. तो चालत चालत, महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जाऊन राहिला. एवढ्या वाटेत त्याने एकाही माणसाला हात लावला नाही.

पुण्याचं काय, तर आम्ही जनावराला घाबरत नाही, आम्ही त्याला बघायला जातो. डिसेंबर २०२०मध्ये कोथरूडच्या महात्मा सोसायटीत गवा शिरला. काही तास अख्खं उपनगर त्याच्यामागे धावत होतं, आणि तो दमून, भेदरून, पकडल्यानंतर मेला. सात-आठशे किलोचं जनावर गर्दीने मारलं. पंधरवड्यात बावधनला दुसरा आला. या वेळी लोकांना लांब ठेवलं, आणि तो आला तसा झाडीत निघून गेला. याच शहरात १९८० साली नीलिमकुमार खैरे नावाचा हॉटेलातला रिसेप्शनिस्ट काचेच्या खोलीत ७२ विषारी-बिनविषारी सापांबरोबर ७२ तास बसला होता. साप डिवचल्याशिवाय चावत नाही हे दाखवायला. माझी आई अजून सांगते, तेव्हा घरोघरी तोच विषय होता. साप काचेच्या आत आणि माणसं बाहेर, हे मला आमच्या शहराला मानवणारं अंतर वाटतं.

२०२५मध्ये लोहगाव विमानतळाच्या आवारात एक बिबट्या कित्येक महिने मुक्कामाला होता. एप्रिलमध्ये दिसला, धरायला डिसेंबर उजाडला. मधल्या काळात मी दोनदा तिथून विमानाने गेले आणि दोन्ही वेळा माझी चिंता सामानाच्या वजनाची होती.

मग एका रात्री आमच्याच सोसायटीच्या कॅमेऱ्यात काहीतरी दिसलं. शेपटी लांब, अंगावर ठिपके असावेत असं वाटणारं, टेकडीच्या बाजूच्या भिंतीवरून कचऱ्याच्या डब्यांकडे जाणारं. बहुधा उदमांजर. पण रविवारी तातडीची मीटिंग बोलावली गेली आणि पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या पहिल्यांदाच कमी पडल्या. डब्यांना झाकणं लावू, खरकटं उघड्यावर टाकू नका, एवढं मी सुचवून पाहिलं. ते मिनिट्समध्ये आलं नाही. बी विंगमधले काका उठून म्हणाले, वनखात्याला फोन करा, पिंजरा लावायला सांगा, आणि धरून ताम्हिणीत नेऊन सोडा, तिथे अभयारण्य आहे. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून ए विंगच्या काकू ताडकन उभ्या राहिल्या.

"ताम्हिणीत अजिबात नाही हं. तिथे आमचा प्लॉट आहे."