‘थापायली’वर लाल रेघ

३ ऑगस्ट, अंबाजोगाई

पावसानं आज उघडीप दिली, म्हणून सरांच्या ओसरीवर प्रुफं पसरून बसलो. तालुक्यातल्या ३८ जणांच्या कविता आणि कथा, एका पुस्तकात. वर्ष झालं हे खूळ डोक्यात घेऊन. कुणी वहीच्या पानांचे फोटो पाठवले, कुणी व्हॉट्सॲपवर कविता बोलूनच धाडली. मोंढ्यातल्या एका आडत्यानं हिशोबपट्टीच्या मागच्या बाजूला गझल लिहून दिली. ती चांगली निघाली, याचं आम्हा मास्तर लोकांना जरा वाईटच वाटलं.

लिहिणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे पहिल्याच बैठकीत ठरलं होतं. हट्ट माझाच. मागं एका संग्रहासाठी मी ५०० रुपये भरले होते. कविता छापून आली, खाली नाव दुसऱ्याच बाईचं!

सरांचं लाल पेन दिवसभर चालू. एका पोराच्या कथेत ‘आई भाकर थापायली’ होतं, त्याचं ‘आई भाकरी थापत होती’ झालं. ‘मव्हं’चं ‘माझं’, ‘कामून’चं ‘का’. मी मान डोलावत होते. २७ वर्षं पोरांच्या वह्यांत मी दुसरं काय केलं?

६ ऑगस्ट

त्या पोराचा पुण्याहून फोन. आमच्याच शाळेचा, आता तिकडं कंपनीत आहे. “मॅडम, कथा वाचली. सरांनी चांगली केली, पण...” मग नुसता गाड्यांचा आवाज. “पण ही मही आई नाही वाटायली.”

‘बरं, बघते’ म्हणून फोन ठेवला आणि भाकरी करायला लागले. पीठ मळताना लक्षात आलं, ‘थापायली’ म्हणजे आत्ता, या घटकेला थापतेय. त्याच्या कथेतली आई शेवटी मरते. सरांनी तिला पहिल्याच ओळीत ‘होती’ करून टाकलं होतं.

८ ऑगस्ट

सरांना बोलीचा अभिमान वगैरे सांगून काही उपयोग नसतो, त्यांना व्याकरण सांगावं लागतं. म्हटलं, “सर, काळ चुकलाय. मूळ वाक्य वर्तमानकाळी आहे.” चष्मा वर करून दोनदा वाचलं. “मग माझी दुरुस्ती चूक,” म्हणाले आणि स्वतःच्या लाल रेघेवर हिरवी रेघ मारली. मग सगळ्याच कथा पुन्हा पहिल्यापासून काढल्या. रात्रीचे दहा वाजले, काकूंनी पिठलं करून जेवू घातलं.

२२ ऑगस्ट

डीटीपीवाल्याचा निरोप : १७९ पानं झालीत. १६ पानांचा एक फॉर्म, ११ फॉर्मांची १७६ पानं. वरच्या तीन पानांसाठी बारावा फॉर्म घेतला तर कागद, छपाई, सगळंच वाढतं. काय काढायचं?

एक म्हणाला, आजीच्या ओव्या काढू. त्या आजीला लिहिता-वाचता येत नाही, ओव्या नातीनं उतरवून घेतल्यात. “संकलन वेगळं, साहित्य वेगळं,” असंही वर ऐकवलं. मी काही बोलले नाही. माझं संपादकीय पाच पानांचं होतं, घरी येऊन ते उघडलं. सुरुवात मुकुंदराजांपासून, शके १११० चा विवेकसिंधू. (तो ग्रंथ इथंच, अंबाजोगाईत लिहिला असं आम्ही मानतो; विदर्भवाले त्यांच्याकडच्या आंभोऱ्याचं नाव घेतात, घेऊ देत.) मग आपेगावचे ज्ञानेश्वर, नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबाकाका, पैठणचे नाथ. पुढं परभणीत बांधकाम खात्यात कारकुनी करत कविता-कादंबऱ्या लिहिणारे बी. रघुनाथ. सत्काराची यादी वाचल्यासारखं वाटलं. आमच्या दासोपंतांनी पासोडीवर लिहिलं, कापड सुमारे ४० फूट. त्यांना फॉर्मचा हिशोब नव्हता, मला आहे. नामावळी उडवली, फक्त बी. रघुनाथ ठेवले, कारण आमच्यातलेही निम्मे नोकरी सांभाळून लिहिणारे. संपादकीय दोन पानांत बसलं. ओव्या जागच्या जागी.

१७ सप्टेंबर

सकाळी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, दुपारी प्रकाशन. पाहुणे तास-दीड तास उशिरा आले, त्यात लाईट गेली. जनरेटर लावला तर त्याच्या आवाजात कविता ऐकू येईनात, म्हणून बंद केला आणि खिडक्या उघडल्या. भाषणं मला आठवत नाहीत. पुण्याचा पोरगा आला होता, सरांच्या पाया पडला. सरांनी त्याला ‘थापायली’चं व्याकरण समजावून सांगितलं, जणू शोध त्यांचाच. तोही ‘हाव सर, हाव सर’ करत ऐकत राहिला.

आजी पहिल्या रांगेत, नवं इरकल नेसून. नातीनं माईक घेऊन ओवी वाचली :

जातं गेलं अंगणात, त्यात तुळस लावली
गिरणीच्या रांगेत मी ओवी उभ्यानं गायली

टाळ्या पडल्या. आजी मात्र नातीचा हात ओढायली. “आसं नव्हतं म्हणलं मी.”

“आजे, तूच म्हणली होतीस की! रेकॉर्डिंग हाय माझ्याकडं.”

“ते त्या दिशीचं.” आणि माईकबिईक न घेता बसल्या जागेवरून तिनं म्हटलं :

जातं गेलं अंगणात, त्यात तुळस वाळली
गिरणीच्या रांगेत मी ओवी मनात पाळली

सर माझ्याकडं बघायले, मी सरांकडं. ५०० प्रती छापून तयार. नातीनं तिथंच पर्समधून पेन काढलं आणि आजीच्या प्रतीत छापील ओळींच्या शेजारी दुसऱ्या ओळी लिहिल्या, पहिल्या न खोडता. घरी आल्यावर मीही माझ्या प्रतीत तेच केलं. पान १४२. समासात जागा कमी पडली, शेवटचा शब्द वळवून वर न्यावा लागला.