माउंटखाली राहिलेलं आकाश

चित्रकार सय्यद हैदर रझा म्हटलं की लोकांना बिंदू आठवतो. पण प्रदर्शनाच्या तयारीत त्या दिवशी माझ्या टेबलावर होती त्यांची १९४०च्या दशकातली जलरंगचित्रं. नागपूरनंतर १९४३ ते १९४७ ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत होते आणि १९५० साली फ्रान्सला गेले. त्याआधीची मुंबई या कागदांवर आहे.

पावसाळ्याचे दिवस. चित्रांच्या पेट्या आल्या तशा २४ तास बंदच ठेवल्या. दमट हवेतून आलेला कागद एकदम कोरड्या खोलीत उघडला की आकसतो, लाटा येतात. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या एका चित्राची फ्रेम सोडवली. पाठीला साधा पुठ्ठा, तपकिरी पडलेला. त्यातलं आम्ल कागदात उतरतं. वरच्या कडेला सेलोटेप, त्याचा डिंक आत मुरून पिवळा डाग झालेला.

माउंट, म्हणजे चित्राभोवतीची खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट, उचलला आणि हात थांबले. काठाला सहा मिलिमीटरची पट्टी चक्क जांभळी! उघडं आकाश मात्र निळसर करडं. जांभळ्या मिश्रणातला लाल रंग प्रकाशाने उडतो, निळा टिकतो. पावसाळी आभाळ वाटत होतं, ती संध्याकाळ होती.

उडालेला रंग परत येत नाही आणि वरून ब्रश लावायचा प्रश्नच नाही. म्हणून आम्ल नसलेल्या बोर्डाचा नवा माउंट कापताना खिडकी मोठी ठेवली, म्हणजे ती पट्टी दिसते. चित्राच्या कडा झाकायची सवय मला मुळीच पटत नाही. कागद वरच्या कडेला फक्त दोन जपानी कागदाच्या पट्ट्यांवर टांगला, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. खळ शिजवून दोनदा गाळायची आणि घट्ट ठेवायची. पातळ झाली तर पाणी पसरून जलरंगाला कडा पडतात. पट्टी चित्राच्या कागदापेक्षा कमकुवत हवी, कारण धक्का बसला तर फाटायची ती पट्टी.

प्रकाश ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक). रोज आठ तास, प्रदर्शनाचे ७२ दिवस म्हणजे २८,८०० लक्स-तास. २०० लक्स ठेवला तर एकाच प्रदर्शनात चार प्रदर्शनांइतका रंग खर्च होतो. दालन अंधारं वाटतं अशी तक्रार येते. दारापासूनच उजेड टप्प्याटप्प्याने कमी केला की डोळे सरावतात.

टांगल्यावर लक्स मीटर चारही कोपऱ्यांवर धरला. उजवीकडे ६८ आलं. दिवा मागे सरकवून पुन्हा मोजलं, ४९.